मुरलेली बिअर आणि जालन्याचा उन्हाळा

बिअरच्या धंद्यात एक ढोबळ हिशोब चालतो : तीन, तीस, तीनशे. बाटली ३२ अंश सेल्सिअसला ३ दिवस राहिली की तिची चव जेवढी उतरते, तेवढी उतरायला २२ अंशांना ३० दिवस लागतात आणि फ्रिजमधल्या ३ अंशांना ३००. प्रयोगशाळेच्या काट्यावर तोलावा असा हा नियम नाही. गोदामवाल्यांना उष्णतेची धास्ती बसावी म्हणून बांधलेला तो ठोकताळा आहे. पण जालन्याला लावून पाहिला तर अंगावर येतो. मे महिन्यात इथं पारा चाळिशी ओलांडतो. दिवसभर तापलेल्या स्लॅबखालच्या खोलीत रात्री अकरा वाजताही भिंतीला हात लावला तर ऊब लागते. अशा खोलीतल्या लोखंडी कपाटात, लग्नसराईत उरलेल्या चार बाटल्या ‘असू दे, दिवाळीला होतील’ म्हणून ठेवल्या, तर दिवाळीला हाती येते ती बिअर कुठल्याच कारखान्यानं बनवलेली नसते. ती त्या कपाटानं बनवलेली असते.

त्यातही स्ट्राँग बिअर असली तर माणूस अधिकच निर्धास्त असतो. ‘स्ट्राँग आहे, तिला काय होतंय?’ असं म्हणणारा एक तरी जाणकार प्रत्येक मित्रमंडळात सापडतो. बोलणं अगदीच बिनबुडाचं नाही. जगात अशा बिअर आहेत ज्या वर्षानुवर्षं तळघरात ठेवतात, दरवर्षी एखादी बाटली उघडून चाखतात आणि बाकीच्या पुन्हा अंधारात सारतात. त्यातल्या बहुतेक स्ट्राँगच असतात. घोटाळा एवढाच की त्या आणि बिअर शॉपीत मिळणारी स्ट्राँग यांचं आडनाव सारखं असलं तरी कूळ वेगळं आहे.

आधी शॉपीतल्या बाटलीकडे पाहू. जालना शहरापासून छत्रपती संभाजीनगर साठेक किलोमीटर, आणि त्याच्या पलीकडच्या अंगाला वाळूजची औद्योगिक वसाहत. देशातल्या बिअर उत्पादनाच्या मोठ्या केंद्रांपैकी हे एक. किंगफिशरवाल्या युनायटेड ब्रुअरीजचा कारखाना या पट्ट्यात आहे, कार्ल्सबर्गचा आहे. फॉस्टर्स या ऑस्ट्रेलियन कंपनीनं नव्वदच्या दशकात भारतात पाय रोवले तेही इथंच. जायकवाडीच्या पाण्यावर ही वसाहत चालते, आणि म्हणूनच दुष्काळ पडला की बिअर हा मराठवाड्यात चवीचा विषय न राहता भांडणाचा विषय होतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यायची वेळ आली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांचं पाणी टप्प्याटप्प्यानं ६० टक्क्यांपर्यंत कापायचा आदेश दिला होता. त्याच्या तीनचार वर्षं आधीच्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबी उत्पादकांनी उभ्या बागा वाळताना पाहिल्या होत्या. त्यांना बिअरच्या पाण्याचा हिशोब कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

इतक्या जवळ कारखाना असणं पिणाऱ्याच्या मात्र पथ्यावर पडणारं आहे. कारण ही बिअर ताजी प्यायचीच वस्तू आहे. बार्लीच्या माल्टबरोबर तांदूळ, मका किंवा साखर घालून ती आंबवतात, गाळून लख्ख करतात आणि पाश्चराइझ करतात. म्हणजे बाटलीत जिवंत यीस्ट उरत नाही. कारखान्यातून निघते त्या दिवशी ती तिच्या सर्वोत्तम अवस्थेत असते आणि तिथून पुढे उतारच असतो. लेबलवर मुदत साधारण सहा महिन्यांची असते, पण ती नीट जपलेल्या बाटलीला लागू. शॉपीच्या मागच्या खोलीत पत्र्याखाली मे महिना काढलेल्या बाटलीला कोणती मुदत लावायची? घेताना ब्रँड बघण्याआधी उत्पादनाची तारीख बघावी, हा या लेखातला सगळ्यात उपयोगी सल्ला समजायला हरकत नाही.

मग स्ट्राँग म्हणजे काय? अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मद्यविषयक मानकांप्रमाणे ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बिअर माइल्ड, आणि त्यावर ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग. देशात खपणाऱ्या बिअरमध्ये बहुतांश वाटा या दुसऱ्या प्रकाराचा आहे, आणि त्यामागचं गणित सरळ आहे. ८ टक्क्यांच्या ६५० मिलीलिटर बाटलीत ५२ मिलीलिटर शुद्ध अल्कोहोल असतं. आपल्याकडच्या व्हिस्की-रमची तीव्रता ४२.८ टक्के, म्हणजे ३० मिलीलिटरच्या पेगमध्ये तेरा मिलीलिटरच्या आत. थोडक्यात, अशी एक बाटली म्हणजे चार छोटे पेग. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांनी हा भागाकार एकदा स्वतः करून पाहावा.

ही ताकद बहुतेकदा साखर आणि तांदळासारख्या हलक्या आंबवणातून आलेली असते. त्यातून अल्कोहोल वाढतं, अंग वाढत नाही. मुरायला लागतं ते अंग : भाजलेल्या माल्टचा दाटपणा, न आंबलेली उरलीसुरली साखर, रंग देणारी संयुगं. ते नसेल तर वेळ जाऊन बदलायचं काय? पाण्यात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो, एवढाच बदल. या वासामागे प्रामुख्यानं ट्रान्स-२-नॉनिनल हे संयुग आहे आणि शिळ्या बिअरची ती जगभरची ओळख आहे. बाटली उघडताना फुस्स आवाज नेहमीसारखा येतो, फेसही धरतो, पण पहिल्या घोटाला जिभेच्या मागच्या बाजूला कागद चघळल्यासारखं वाटतं आणि हॉप्सचा कडवटपणा कुठे गेला ते कळत नाही. विकत घेणारा मग म्हणतो, ‘माल डुप्लिकेट आहे.’ माल अस्सलच असतो. त्याचा उन्हाळा झालेला असतो.

बिअर आणि संशय यांचं आपल्याकडे जुनं नातं आहे. ग्लिसरीनची गोष्ट ऐकली नाही असा माणूस विरळा. बाटलीचं झाकण काढायचं, तोंडावर अंगठा धरायचा, पाण्यानं भरलेल्या ग्लासात बाटली उलटी करायची आणि अंगठा काढायचा. तारेसारखं काहीतरी खाली उतरताना दिसतं. ‘बघ, ग्लिसरीन निघालं!’ असं म्हणून पाहणारे समाधानानं माना डोलावतात. प्रत्यक्षात बिअर पाण्याहून किंचित जड असते, त्यामुळे ती खाली सरकते आणि पाणी वर बाटलीत चढतं. दोन्हींची घनता वेगळी असल्यानं मधल्या सीमेवर प्रकाश वाकतो आणि तारा दिसतात. एवढी खटपट करून माणूस आपलीच बिअर पातळ करून घेतो. दुसरी समजूत अशी की एकदा चिल्ड केलेली बाटली पुन्हा कोमट झाली की ती गेली. तीही अर्धवटच खरी. थंड-गरम होण्यानं बिअर एका फटक्यात मरत नाही. ती जितका वेळ गरम राहते, तेवढा वेळ तिच्या आयुष्यातून वजा होतो.

उजेड मात्र खरोखर एका फटक्यात काम करतो. हॉप्समधल्या कडू संयुगांवर सूर्यप्रकाश पडला की त्यांचे तुकडे होतात आणि गंधक असलेलं एक संयुग तयार होतं. ते इतकं उग्र की अतिसूक्ष्म प्रमाणातही नाकाला कळतं. अमेरिकेतल्या लोकांना त्यावरून स्कंक नावाचा दुर्गंधी सोडणारा प्राणी आठवतो. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते. हिरवी काच फारसा नाही आणि पांढरी तर मुळीच नाही. म्हणून गच्चीवरच्या दुपारच्या पार्टीत हिरवी बाटली उन्हात ठेवणं ही पैसे वाया घालवायची सगळ्यात सोपी रीत आहे. कॅनला ही भीती नाही.

आता दुसऱ्या कुळाकडे. इंग्लंडमधल्या जमीनदारांच्या गढ्यांत एके काळी पद्धत होती : घरात वारस जन्मला की ऑक्टोबरात, नव्या धान्याची, जमेल तितकी कडक एल, म्हणजे तिथली पारंपरिक बिअर, बनवून लाकडी पिंपात भरायची आणि मुलगा एकवीस वर्षांचा झाला की ते पिंप फोडायचं. ही हौस नंतर मोठ्या कारखान्यांतही उतरली. बर्टन-ऑन-ट्रेंट गावच्या बास कंपनीनं १८६९ साली रॅटक्लिफ घराण्यातल्या एका जन्माप्रीत्यर्थ अशीच एल काढली. तिच्या काही बाटल्या २००६ मध्ये जुन्या तळघरांत सापडल्या. त्यातली एक उघडली गेली आणि ती पिण्याजोगी निघाली. १३७ वर्षांनी! १९६८ साली डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोप कंपनीनं कादंबरीकार टॉमस हार्डीच्या चाळिसाव्या स्मृतिवर्षानिमित्त ‘टॉमस हार्डीज एल’ काढली. सुमारे १२ टक्क्यांची ही बिअर किमान २५ वर्षं टिकेल असं कंपनी सांगत असे. लोकांनी ते मनावर घेतलं आणि सालवार बाटल्या जमवायला लागले. लंडनची फुलर्स १९९७ पासून दरवर्षी साडेआठ टक्क्यांची ‘व्हिंटेज एल’ काढते, ती याच हौशीसाठी. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाची ‘बिगफुट’ ही ९.६ टक्क्यांची बार्लीवाइन, म्हणजे फार कडक एल, १९८३ पासून येते. बेल्जियमच्या मठांतल्या शिमे ब्ल्यू (९ टक्के), वेस्टफ्लेटरेन १२ (१०.२ टक्के) आणि रोशफोर १० (११.३ टक्के) यांच्या बाटल्या तर युरोपात नोकरीला गेलेल्या कुणाकुणाच्या सुटकेसमधून मराठवाड्यातही पोचलेल्या आहेत.

या सगळ्यांत चार गोष्टी सारख्या आहेत. अल्कोहोल ८ टक्क्यांच्या वर. माल्ट भरपूर, बहुधा गडद. हॉप्सचा भर सुगंधावर नाही, कारण सुगंध आधी उडतो. आणि बऱ्याच जणींच्या बाटलीत तळाला जिवंत यीस्टचा पातळ थर. शेवटची गोष्ट समजायला मराठवाड्यातल्या माणसाला इंग्लंडला जायची गरज नाही. त्यानं पेव आठवावं.

काळ्या रानात किंवा गावाच्या पांढरीत खणलेलं, तोंडाशी अरुंद आणि पोटात ऐसपैस असं पेव म्हणजे ज्वारीचं जमिनीखालचं कोठार. आत कडबा-भुसा लावून धान्य भरायचं आणि तोंड मातीनं गच्च बुजवायचं. आतलं धान्य श्वास घेत राहतं, ऑक्सिजन संपवतं, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि किडे गुदमरून मरतात. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. आधी बराच वेळ तोंड मोकळं ठेवत आणि दिवा सोडून पाहत. तो विझला तर माणूसही विझेल, हे अनुभवानं ठाऊक होतं. सांगलीजवळ हरिपूरच्या पेवांत हळद अशीच वर्षानुवर्षं ठेवत असत, २००५ च्या महापुरानं त्यातली पुष्कळ पेवं निकामी होईपर्यंत. बाटलीतलं यीस्ट नेमकं हेच करतं. झाकणाखालच्या मोकळ्या जागेत जो थोडा ऑक्सिजन राहून गेलेला असतो तो ते आधी फस्त करतं, आणि बिअर पुठ्ठा होण्याऐवजी सावकाश, आपल्या चालीनं बदलत जाते. गाळून, पाश्चराइझ करून भरलेल्या बाटलीत हा राखणदारच नसतो.

बदलते म्हणजे काय होतं? बार्लीवाइन घेतली तर पहिल्या वर्षी ती दांडगट असते : कडू, घशाला गरम लागणारी, सगळ्या चवी एकमेकींना ढकलत असलेली. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कडवटपणा मागे सरतो आणि गुळाचा पाक, खारीक, काळ्या मनुका असे वास पुढे येतात. रंग अधिक गडद होतो, फेस कमी धरतो. पाचेक वर्षांनी शेरीसारखी झाक येते. तीही ऑक्सिडेशनचीच करणी, फक्त इथं दाट माल्टशी तिची जुळणी होते म्हणून ती गोड वाटते. त्याच्या पुढे घसरण. यीस्टच्या पेशी फुटायला लागतात, सोया सॉसची चव येते आणि शेवटी मागे राहतं ते सपक, खारट, तपकिरी पाणी. कोणती बाटली कोणत्या वर्षी कळसाला पोचेल हे बनवणाराही छातीठोकपणे सांगत नाही. म्हणून जाणकार एकाच बिअरच्या चारसहा बाटल्या घेतात, झाकणावर मार्करनं तारीख लिहितात आणि वर्षाला एक उघडतात. अपवादही आहेत. बेल्जियमचीच ओरवाल ही जेमतेम ६.२ टक्क्यांची, तरी ब्रेटानोमायसिस नावाच्या रानटी यीस्टमुळे ती महिनोन्‌महिने रंग बदलत राहते. ग्यूझ ही आंबट बेल्जियन बिअर तर वीस वर्षं टिकते, तिथं राखण आम्लाची असते. पण अपवादाच्या भरवशावर शॉपीतली पेटी माळ्यावर टाकू नये.

बिअर आणि जालना यांचा संबंध वाळूजच्या कितीतरी आधीचा आहे. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला ते असई गाव याच जिल्ह्यातलं. पुढे जालन्याला हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी बसली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ती इथं होती. त्या काळी हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांसाठी ईस्ट इंडिया कंपनी विलायतेहून काळी पोर्टर बिअर मागवत असे, आणि अधिकाऱ्यांच्या टेबलावर फिकी एल असे. ही एल पुरवणाऱ्यांत लंडनच्या बो भागातला हॉजसन आघाडीवर होता. त्याचा कारखाना कंपनीच्या जहाजांच्या गोदीपासून जवळ, आणि कप्तानांना तो लांबलचक उधारीवर माल देई, हे त्याच्या यशाचं खरं कारण. हिंदुस्थानच्या हवेसाठी त्यानं खास नवी बिअर शोधून काढली ही दंतकथा आहे. तो पाठवत होता ती विलायतेत दोनदोन वर्षं तळघरात मुरवायची नेहमीची ऑक्टोबर बिअर. झालं असं की केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या जहाजाच्या पोटात, विषुववृत्त दोनदा ओलांडताना, डुचमळत आणि तापत ती चारसहा महिन्यांतच मुरली. मुंबई-कलकत्त्यात उतरली तेव्हा ती निवळलेली, फसफसती आणि चवदार होती.

म्हणजे उष्णता मुरवते हे खरंच. पण ती पिंपं समुद्राच्या पाण्याखालच्या पातळीवर, जहाजाच्या तळाशी असत, आणि आत जिवंत यीस्ट होतं. उतरल्यावर तीच बिअर इथल्या उन्हात टिकवायची कशी, हा प्रश्न साहेबालाही पडलाच होता. त्यासाठी घरोघरी आबदार असे. पाण्यात सोरा विरघळवला की पाणी गार पडतं, त्या गार पाण्यात बाटली फिरवत बसायचं हे त्याचं काम. १८३३ मध्ये बॉस्टनहून फ्रेडरिक ट्यूडरचा बर्फ जहाजानं कलकत्त्याला आला, लवकरच मुंबईतही बर्फाचं कोठार उभं राहिलं आणि आबदाराची मिजास उतरली. असईच्या विजेत्याचं पुढे काय झालं, तेही या ओघात सांगण्याजोगं आहे. वेलस्ली ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, इंग्लंडचा पंतप्रधान झाला आणि त्याच्याच कारकिर्दीत १८३० चा बिअरहाउस कायदा आला. कर भरणाऱ्या कुठल्याही गृहस्थानं दोन गिनींचा परवाना काढावा आणि आपल्या घरी बिअर गाळून विकावी, अशी मुभा त्यानं दिली.

महाराष्ट्रात अशी मुभा नाही. घरी बिअर बनवणं परवान्याशिवाय गुन्हाच आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा, नुसतं पिण्यासाठी किंवा जवळ बाळगण्यासाठीही परमिट मागतो. शॉपीत कुणी विचारत नाही म्हणून हे बहुतेकांना परमिट रूमच्या पाटीपुरतंच माहीत असतं. पण घरात बाटल्या साठवून ठेवणाऱ्यानं तरी ते काढलेलं बरं. एक दिवसाचं, एक वर्षाचं आणि आजीवन अशी परमिटं मिळतात, आणि परमिट असलं तरी किती बाळगायचं याला मर्यादा आहे. खरी मुरवण्याजोगी बाटली आणायचा सोपा मार्ग म्हणजे परदेशातून येणारा पाहुणा. दोन लिटरपर्यंत मद्य प्रवाशाला कस्टम ड्युटीशिवाय आणता येतं, म्हणजे ३३० मिलीलिटरच्या सहा बाटल्या. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाल्यापासून राज्यात मायक्रोब्रुअरी पुष्कळ झाल्या, पण त्यांची बिअर टाकीतून थेट ग्लासात येणारी, ताजेपणावरच विकली जाणारी. ती घरी आणून ठेवायच्या फंदात पडू नये.

समजा अशा सहा बाटल्या जालन्याच्या घरात पोचल्या. ठेवायच्या कुठे? मुरवायला सगळ्यात चांगलं तापमान १० ते १३ अंश, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते हलता कामा नये. जानेवारीत इथं पहाटे पारा तिथवर उतरतो, पण दुपारी पुन्हा तिशीकडे झेपावतो. जुन्या माळवदाच्या वाड्यात हे थोडंफार साधलं असतं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, लाकडी फळ्यांवर पांढऱ्या मातीचा थर दिलेलं छत, आणि आतल्या बाजूला उजेड न शिरणारं धान्याचं बळद. ज्यांच्या गावाकडच्या घरात अशी खोली अजून उभी आहे त्यांनी तिथं एक साधा थर्मामीटर आठवडाभर टांगून पाहावा. भर मे महिन्यातही तो २५-२६ च्या पुढे सरकत नसेल, तर वर्षभर बाटली ठेवायचं धाडस करता येईल. त्याहून जास्त नको. शहरातल्या फ्लॅटमध्ये गच्चीखालचा माळा, स्वयंपाकघरातलं ओट्यावरचं कपाट आणि बाल्कनी ही तीन ठिकाणं आधीच खोडून टाकावीत. कूलर चालणारी खोलीही नको. दमट हवेनं लेबलांना बुरशी येते आणि पत्र्याच्या झाकणाला कडेनं गंज धरतो. गंजलेलं झाकण म्हणजे हवा आत आणि वायू बाहेर.

उरतो फ्रिज, आणि जालन्यात तेच खरं तळघर. तिथं ४-५ अंशांना बिअर फार हळू मुरते. इंग्लंडच्या तळघरात दोन वर्षांत जे होईल त्याला इथं अधिक काळ लागेल, पण बिघडण्याची भीती जवळजवळ नाही. दारातला कप्पा टाळावा, कारण दिवसातून पन्नास वेळा दार उघडलं की तो तापतो. सगळ्यात खाली, भाजीच्या ड्रॉवरच्या मागे जागा करावी आणि बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून उभ्या ठेवाव्यात. वाइनसारखं आडवं पाडू नये. वाइनचं बूच ओलं राहावं म्हणून ती आडवी असते, बिअरच्या झाकणाला तशी गरज नाही. उभ्या बाटलीत यीस्ट तळाशी बसतं आणि हवेशी बिअरचा स्पर्श फक्त मानेच्या रुंदीएवढा राहतो. मेथीच्या जुडीमागे शिमे ब्ल्यू दोन वर्षं का पडून आहे, हे घरातल्यांना पटवून देणं हा ज्याचा त्याचा प्रश्न. बरेच संग्रह तिथंच संपतात. दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी जुनी तारीख बघतं आणि मोरीत ओतून रिकामं होतं.

तोपर्यंत टिकलीच, तर उघडण्याआधी बाटली दोन दिवस हलवू नये आणि फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटं बाहेर ठेवावी. उन्हाळ्यात दहाच पुरेत. बर्फगार स्थितीत खारीक-मनुकांचा वास येतच नाही, आणि ज्याच्यासाठी एवढी वर्षं थांबलो तेच नाकाला लागलं नाही तर उपयोग काय? उंच ग्लासापेक्षा तोंडाशी निमुळता असलेला बुटका ग्लास बरा. बाटली एकदाच, न थांबता कलती करून ओतावी आणि तळाचा गढूळ बोटभर भाग आत सोडावा. तो घ्यायचाच असेल तर शेवटी वेगळा चाखावा. खारवलेल्या शेंगदाण्यांचा चखणा हिच्यासोबत फुकट जातो. त्याऐवजी तिळाची वडी किंवा थोडा गूळ ठेवून पाहावा. ११ टक्क्यांची ३३० मिलीलिटर बाटली म्हणजे पुन्हा तीनएक पेगांचा हिशोब, तेव्हा एक बाटली दोघांत किंवा तिघांत.

आणि शॉपीतून मागच्या आठवड्यात आणलेली ती स्ट्राँग? ती याच शनिवारी संपवावी. तारीख मार्चची असेल आणि आता जून लागला असेल, तर बदलून मागायला लाजू नये.